डबा पिवळ्या टेपचा होता, कासम

कासम, तू गेलास हे रुकय्याभाभीनं फोनवर सांगितलं आणि माझ्या तोंडून पहिली बाहेर पडली ती शिवी. सातारी, अस्सल. भाभीनं ऐकली. रडता रडता म्हणाली, "द्या भाऊ, अजून एक द्या. मी पण सकाळपासून तेच करतेय."

गेलेल्या माणसाला वाईट बोलू नये म्हणतात. म्हणू देत. मी तुझ्यावर चिडलोय आणि तू समोर असतास तर हेच तोंडावर बोललो असतो. ती संधीही न देता सटकलास, इथूनच माझा राग सुरू होतो. अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या, हातात चहाचा कप असताना गेलास म्हणे. वा रे वा! आयुष्यात एक भांडण धड तडीला नेलं नाहीस आणि आता तर मैदानच सोडून पळालास.

इथे रियाधला, आपल्या नेमबाजीच्या क्लबात, तुझ्यासाठी सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं. मॅनेजरनं खजूर आणि कहवा मागवला आणि तुझ्याबद्दल चार शब्द बोलला. "कासम फार सज्जन. शिस्तीचा माणूस. त्याच्या हातून एकच चूक झाली, पण माणूस म्हटला की चूक व्हायचीच." सगळ्यांनी माना डोलावल्या. तुझ्या जागी आलेल्या फहदनंही डोलावली. मी कप इतका आदळला की कहवा टेबलभर झाला. ती चूक तुझी नव्हती. त्या कँटीनमध्ये हे फक्त मला ठाऊक होतं, आणि माझ्या तोंडाला तू कुलूप घालून गेला होतास.

तुला सगळं माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार. रागात माणूस पहिल्यापासूनच सांगतो.

मी फौजेच्या शस्त्रागारात नोकरी करून आलेला, तू दाभोळच्या खाडीकडचा, होड्यांची इंजिनं उघडता उघडता कुठून कसा बंदुकांच्या कामाला लागलास ते कधी सरळ सांगितलं नाहीस. क्लबाच्या मागच्या खोलीत आपण दोघं. काम एकच, झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या परत भरायच्या. बाहेरून नवी काडतुसं मागवली की परवाने आणि कस्टममध्ये महिने जायचे, म्हणून क्लबानं रीतसर परवानगी काढून ही खोली केली होती. पुंगळी पुसायची, तपासायची, बुडाला नवी टोपी बसवायची, आत मापानं दारू घालायची आणि वर शिशाची गोळी दाबून बसवायची. माझी बायको गावात सांगायची, "आमचे हे सौदीत दारू भरतात." एकदा तू फोनमध्ये तोंड घालून ओरडलास, "वहिनी, हळू बोला, फटके बसतील ना आमाला!" ती हसली ते मला अजून ऐकू येतं. तुला मी त्या वेळी भाऊ मानायला लागलो, आता पस्तावतोय.

खोलीचे कायदे तुझे. दारू भरताना तोंड बंद. फोन बाहेर. भोकं पाडलेला लाकडी ठोकळा असायचा, त्यात पुंगळ्या उभ्या. एकानं दारू भरायची आणि ठोकळा पुढे सरकवायचा. दुसऱ्यानं टॉर्च घेऊन एकेका पुंगळीच्या तोंडात डोकवायचं. सगळ्या पाहून झाल्या की म्हणायचं, "बघितलं." तो शब्द आल्याशिवाय एकाही पुंगळीवर गोळी बसवायची नाही. कारण एखादीत दारू पडायची राहिली किंवा एखादीत दोनदा पडली, तर झाडणाऱ्याच्या हातातलं हत्यारच फुटतं. भरून झालेल्या डब्यावर ज्यानं भरलं त्याची टेप. तुझी हिरवी, माझी लाल.

भांडायचं फक्त पुंगळ्या पुसताना. हाही तुझाच कायदा. पुसताना हात आपोआप चालतो, डोकं मोकळं असतं, तेव्हा काय तो दंगा करायचा. आणि काय दंगा केला आपण! चव्वेचाळीस की पंचेचाळीस. बाहेरच्या माणसाला हे वेड्यासारखं वाटेल. नळीचं भोक किती रुंद त्याचे हे आकडे, आणि हे दोन्ही आकडे हातात धरायच्या बंदुकांतले दांडगेच. मी चव्वेचाळीसवाला. लांब पुंगळी, रिव्हॉल्व्हर, बार निघाला की खांद्यापर्यंत निरोप पोचतो. मेंबरांनाही तेच हवं असायचं. तू पंचेचाळीसवाला. आखूड, जाडजूड, संथ.

"फौजी, ती तुझी चव्वेचाळीस म्हणजे लग्नातला टोप," तू म्हणायचास. "आत मूठभर भात. दोन मुठी टाकल्यास तरी वरून पत्ता लागायचा नाय. माझी पंचेचाळीस वाटी हाय. जास्त झालं की वर दिसतं."

"मग टॉर्च कशाला आहे? चाटायला?"

"टॉर्च धरणारा हाय तवर ठीक. नसला की?"

"नसायला काय झालं? मी काय मरतोय?"

"मेल्या, तू कसला मरतोस. तू मला मारून जाशील."

मग तू पंचेचाळीसचं गुणगान सुरू करायचास आणि मी तुला उंटावरचा शहाणा म्हणायचो. इथे उंट होतेच, त्यामुळे तुला ते फार लागायचं. हे भांडण आपण इतकी वर्षं घातलं, पण टॉर्च धरणारा नसला तर काय, याचं उत्तर मी दिलं नाही. मला वाटायचं, हरायला आलास म्हणून काहीतरी काढतोयस.

मग तो निताकतचा कायदा आला. कंपनीत सौदी माणसं किती त्यावरून कंपनीला रंग. हिरवा असला तर ठीक, लाल झाला की कुणाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे वाढत नाही, सगळ्यांनी बोऱ्या बिस्तरा गुंडाळायचा. आपला क्लब लाल. मॅनेजर स्वतः परदेशी, त्यामुळे त्याला घाई सगळ्यात जास्त. ज्याची खुर्ची हलते तो दुसऱ्याचा पाट आधी ओढतो. त्यानं मला खोलीतून उचलून पुढच्या काउंटरवर बसवलं, आणि तुझ्या हाताखाली फहदला दिलं. त्याला तयार करायचं, आणि तो तयार झाला की तू जायचं. मी म्हटलं, खोलीत दोन माणसं लागतात, एक भरणारा, एक बघणारा. मॅनेजर म्हणाला, "बघायला काय माणूस लागतो? जो भरतो त्याला डोळे नाहीत का?"

तू मात्र गार. पूर्वेकडच्या खोबर शहरातल्या एका क्लबानं तुला घ्यायचं तोंडी कबूल केलं होतं, कफील, म्हणजे परवान्यावरचा मालक, बदलायचा तेवढा राहिला होता. "समुद्र हाय तिथं, फौजी," म्हणायचास. "इतकी वर्षं वाळू बघितली. आता संध्याकाळी कॉर्निशच्या कठड्यावर बसून दर्या बघीन. तुझ्या भाभीला बोलवीन. तू येशील तर मासे खिलवीन, तुला येतात कुठं खायला, काटे काढून देईन." इतकं बोलायचास त्या दर्याबद्दल की मीच कंटाळून गेलो होतो.

फहद वाईट नव्हता. हे मला आज रागातही म्हणावं लागतं. तिशीचा, लग्न झालेला, बायको गरोदर, पहिली धड नोकरी. तुला 'अम्म कासम' म्हणायचा, म्हणजे काका. दुपारी घरून तुझ्यासाठी डबा आणायचा. तू त्याला तुझी अर्धी हिंदी दिलीस आणि त्याच्याकडून अर्धी अरबी घेतलीस, आणि त्या खिचडीत तुमचं छान चालायचं. त्याला पिवळी टेप दिलीस. ठोकळा पुढे सरकवला की तो तुझ्याकडे बघायचा आणि तू 'बघितलं' म्हणेपर्यंत हात मागे बांधून उभा राहायचा. काउंटरवरून मला ते काचेतून दिसायचं, आणि खोटं कशाला बोलू, मी जळायचो.

आणि मग तो दिवस. एका मेंबरच्या हातात चव्वेचाळीस फुटली. माझी लाडकी चव्वेचाळीस. आवाज नेहमीसारखा नव्हता, हे आपल्या दोघांनाही एकदम कळलं. रिव्हॉल्व्हरचं फिरतं चाक एका बाजूनं उघडं पडलं, माणसाच्या गालावर आणि हातावर रक्त. बोटं वाचली त्याची, डोळाही वाचला, नशीब बलवत्तर. सगळे त्याच्याकडे धावले. तू डब्याकडे धावलास.

मी बघत होतो, कासम. मी काउंटरवरून उडी मारून येत होतो आणि मी बघितलं. तू डब्यावरची पिवळी टेप सोलून काढलीस, चुरगळून पँटच्या खिशात घातलीस, आणि दुसऱ्या खिशातल्या रिळातनं हिरवी तोडून चिकटवलीस.  मॅनेजर ओरडत आला, "डबा कुणाचा?" तू म्हणालास, "माझा." फहद जखमी मेंबरला सोडून तेवढ्यातच तिथे आला होता, पांढराफटक; टेपची अदलाबदल त्याला दिसली नव्हती. तू 'माझा' म्हटलंस आणि त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. तो रंगही मी बघितला.

आदल्या दिवशी तू तुझ्या बदलीच्या कामाला जवाजातच्या, म्हणजे पासपोर्टच्या, ऑफिसात गेला होतास. फहदनं एकट्यानं ठोकळे भरले होते. टॉर्च धरणारा नव्हता.

तुला पार्किंगमध्ये गाठलं तेव्हा मी काय काय बोललो ते तुला आठवत असेल. तू गाडीला टेकून उभा, दगडासारखा.

"त्याची पहिली नोकरी हाय, फौजी. बायकोचे दिवस भरत आलेत."

"आणि तुझं? खोबरचं?"

"ही बातमी तिथवर जाणार नाय."

"अरे, या धंद्यात नाव सोडून दुसरं काय असतं आपल्याकडे?"

"सगळे टपून बसलेत, सौदीला काम येत नाय म्हणायला. त्याला येतं. मी शिकवलंय."

मला त्याच क्षणी कळलं आणि मी तेव्हाच बोलायला हवं होतं, तर आता बोलतो. तू नुसता दया करत नव्हतास. तुझ्या शिकवण्याला बट्टा लागू नये म्हणून तू स्वतःच्या हाताला बट्टा लावून घेतलास. 'माझ्या हातून झालं' म्हटलेलं तुला चाललं, 'माझ्या चेल्याच्या हातून झालं' म्हटलेलं चाललं नाही. हा माज होता, कासम. गोड बोलणाऱ्या माणसाचा माज, तो पटकन दिसत नाही.

आणि वर मला माझ्या आईची शपथ. जिला तू कधी पाहिलं नाहीस, जिच्या हातची भाकरी खाल्ली नाहीस, तिची शपथ. "फहदला सांगायचं नाय. कुणालाच नाय." मी गप्प बसलो.

खोबरला ते दोन दिवसांत पोचलं. "तुमच्याच हातून फुटली ना ती?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला. मग फायनल एक्झिट, कायमचं परत पाठवणारा शिक्का. विमानतळावर तू मला मिठी मारून म्हणालास, "चव्वेचाळीस सोड आता," आणि हसलास. हसायला काय झालं होतं रे? तुझा दर्या गेला होता. गावी जाऊन खाडी बघत बसलास. लोकांना सांगायचास, रिटायर झालो. भाभी म्हणते, जेट्टीवर कुणी इंजिन दुरुस्तीला बोलावलं तरी जायचा नाहीस. ज्या माणसाचे हात एक मिनिट रिकामे राहत नव्हते तो चहाचा कप धरून बसायला लागला. हे सगळं ती आता सांगते. तू फोनवर सांगायचास, मजेत आहे, मासे खातोय.

हेही मी गिळलं असतं. तुझं नाव, तुझी मर्जी. पण त्या दिवशी कँटीनमधून बाहेर पडताना फहदनं माझा हात धरला. डोळे ओले होते त्याचे, नाटक नव्हतं. म्हणाला, "अम्म कासम बडा उस्ताद. उससे भी गलती हो गया. मेरे से आज तक नहीं हुआ. मैं अकेला भरता, एक भी गलती नहीं. उसका नाम रखेगा मैं."

मी हात सोडवून घेतला. म्हणजे हा अजून एकटाच भरतो. चव्वेचाळीस भरतो. आणि याला छातीठोक खात्री आहे की याच्या हातून कधी चुकलंच नाही, कारण त्याची जी एक चूक झाली ती तू खिशात घालून दाभोळला घेऊन गेलास!

कळतंय का तुला काय केलंस? तुझं नाव तू दिलंस, ते तुझं होतं, दे. पण त्याची चूक तुझी नव्हती. या कामात माणसाला शहाणा करणारी एकच गोष्ट असते, आपला हात चुकू शकतो ही भीती. तीच तू त्याच्याकडून काढून घेतलीस. त्याची नोकरी वाचवलीस आणि पुढच्या मेंबरचा डोळा वाऱ्यावर सोडलास. टोपात दोन मुठी पडल्या तर पत्ता लागत नाही हे मला आयुष्यभर ऐकवणारा तू, आणि जिथे सांगायला हवं होतं तिथे मूग गिळलेस.

शपथ घालणारा गेला की शपथ सुटते का, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर एखादा नाही म्हणाला असता. आई मला माफ करेल, ती तुझ्यापेक्षा शहाणी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर मी त्या खोलीत गेलो. फहद पुंगळ्या पुसत होता. मी समोर बसलो, एक फडकं घेतलं आणि पुसायला लागलो. पुसताना बोलायचं, हा कायदा मोडला नाही मी. सांगितलं सगळं. पिवळी टेप, हिरवी टेप, खिसा.

त्यानं आधी विश्वास ठेवला नाही. "झूठ. तुम मेरेको पसंद नहीं करता." मी म्हटलं, पसंतीचा प्रश्न नाही, तुझ्यावरून माझा मित्र गेला, तू मला कशाला आवडशील? पण त्या दिवशी एकटा भरत होतास, आठव. त्याचा हात थांबला. फडकं हातात तसंच. मग हळूच म्हणाला, "बीच में उठा था. कोई चाबी माँगने आया. वापस आया तो..." आणि थांबला. परत आल्यावर कुठल्या पुंगळीपासून सुरुवात करायची, ते त्याला आठवलं नव्हतं. आपण दोघं असतो तर ठोकळा पुरा ओतून पुन्हा पहिल्यापासून भरला असता. त्यानं अंदाजानं पुढे चालू केलं.

"उसको मालूम था?" त्यानं विचारलं.

"हाँ."

"'मेरा' बोलने से पहले?"

"पहले."

फहद उठला. खोलीत दोन फेऱ्या मारल्या, भिंतीवर एक बुक्की मारली. मला वाटलं, आता रडेल. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि दात-ओठ खाऊन म्हणाला, "मैं गुस्सा है. बहुत गुस्सा. उसपे."

मी म्हटलं, "लाइन में लग. मेरे पीछे. और मेरे आगे भाभी है."

तो कसाबसा हसला, आणि मग रडला, आणि मीही.

त्यानंतर तो जे काही वागला ते तुला कळायलाच हवं. तसाच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला, दार उघडं ठेवून. डबा माझा होता म्हणाला. मॅनेजर समजावायला लागला, कासम गेला, आता कशाला मढी उकरायची. फहद म्हणाला, तो गेलाय, मी इथे आहे, आणि मी एकटा एकही पुंगळी भरणार नाही. दोन माणसं द्या, नाहीतर मी चाललो. मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. फहद गेला की क्लब परत लाल! ज्या हिशेबानं तुला बाहेर काढलं त्याच हिशेबानं मॅनेजरची बोबडी वळवली. मी दारात उभा राहून डोळे भरून पाहिलं. तू असतास तर मला कोपर मारून गप्प केलं असतंस.

फहदनं खोबरलाही फोन केला. काय उपयोग, तू म्हणशील. तुझा उपयोग नाही. त्यांना नाव कळलं पाहिजे म्हणून केला. मग भाभीशी बोलला, माझ्या फोनवरून. भाभी त्याला काही बोलली नाही. मला म्हणाली, "मला वाटलंच होतं भाऊ. हा माणूस भाताच्या ताटातसुद्धा दोनदा डोकवायचा."

आता मी परत खोलीत आहे. तुझ्या स्टुलावर फहद बसतो, मी माझ्या. डब्यांवर पिवळी आणि लाल टेप. हिरवं रीळ कपाटात आहे, ते कुणी वापरत नाही. फहद पंचेचाळीसवाला निघाला, अगदी तुझीच वाक्यं, टोप आणि वाटीसकट. मी चव्वेचाळीस सोडलेली नाही. टॉर्च धरणारा नसला तर काय, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, तेव्हा जिंकलास म्हण हवं तर.

आणि तुझ्यावर चिडायचं काम आता आम्ही दोघं मिळून करतो, सातारीत आणि अरबीत. पुंगळ्या पुसून होईपर्यंत मनसोक्त बोलतो तुला. मग तो ठोकळा पुढे सरकवतो, हात मागे बांधून उभा राहतो, आणि मी टॉर्च घेतो. तेवढा वेळ दोघं गप्प असतो.